भिंतीवरचे घुबड



घुबडाला दगड मारू नये, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत आली आहेत. मारलाच तर घुबड तो दगड वरच्यावर झेलते, पाण्याकाठी नेऊन उगाळत बसते आणि दगड जसजसा झिजतो तसतसा मारणारा माणूस झिजत जातो, अशी ही समजूत. घुबड घरावर बसले की घरातले माणूस जाणार. रात्री ओरडले की कोणाचे तरी बोलावणे आले. तोंड पाडून बसलेल्याला आपण घुबडतोंड्या म्हणतो. या सगळ्यात दगडाच्या समजुतीने एक भले मात्र केले असावे. भीतीपायी का होईना, पोरांच्या गुलेरीतून काही घुबडे वाचली असतील!

आज हा विषय काढण्याचे कारण एक चित्र आहे. वहीच्या पानाएवढे, साध्या पांढऱ्या कागदावरचे, काळ्या शाईतले. नांदगाव पेठ येथील एका समाजबांधवाच्या घरी या चित्रावरून आठवडाभर धुसफूस चालली होती. ती गोष्ट आमच्या कानावर आली आणि आम्ही त्या घरी जाऊन आलो. कोणाचेही नाव येथे देत नाही. घरातला कर्ता माणूस एमआयडीसीतल्या कापडाच्या कारखान्यात पाळीवर जातो. मुलगा सातवीत शिकतो. त्याच्या सरांकडे टपाल तिकिटांचा जुना संग्रह आहे. त्यात कॅनडा देशाचे १९७० सालचे सहा सेंटचे एक तिकीट निघाले. मूळ तिकीट लाल आणि काळ्या रंगात आहे. मुलाला ते इतके आवडले की त्याने झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ते मोठे करून घेतले. झेरॉक्समध्ये लाल रंग गेला आणि उरले ते नुसते काळे-पांढरे घुबड. डोळे वाटोळे, थेट आपल्याकडे रोखलेले. डोक्यातून पिसे अशी फाकलेली, जणू सूर्याचे किरण. शेपटी खालून वळून वर गेलेली. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंच्या बाजूला रिकामी जागा होती, तिथे मुलाने ते डिंकाने चिकटवले.

घरातली आजी सकाळी उठली आणि तिची नजर आधी त्यावरच गेली. "हे काय आनलं रे पोट्ट्या? घुबड हाय ना हे? पयले काढ थे भितीवरून!"

मुलगा म्हणाला, "आजी, कागद हाय तो. कागद काय करते?"

रात्रपाळी करून आलेल्या बापालाही ते रुचले नाही. त्याची अडचण वेगळी. "बाबासाहेबाच्या फोटोजवळ घुबड? लोकं काय म्हनतीन?" मुलाची आई तेवढी मुलाच्या बाजूने उभी राहिली. "आपन बावीस प्रतिज्ञा घेतल्या नं? मंग कागदाले कायले भ्याचं?" त्यावर मुलाने उत्साहाच्या भरात एक चूक केली. सरांनी सांगितलेले चित्राचे नाव त्याने मराठीत करून सांगितले, 'मंतरलेले घुबड'. झाले! आजी म्हणाली, "पाहा, मीच म्हनत होती ना! मंतरलेलंच हाय थे!"

आता हे चित्र आहे कोणाचे, ते सांगतो. कॅनडाच्या उत्तरेला, जिथे झाड उगवत नाही आणि वर्षातले आठ-नऊ महिने बर्फ असते, त्या आर्क्टिक प्रदेशात बॅफिन नावाचे प्रचंड मोठे बेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाला किन्गाइट हे गाव. नकाशावर त्याला केप डॉर्सेट म्हणत, २०२० साली गावाने आपले मूळ नाव परत घेतले. तिथल्या लोकांना आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत एस्किमो म्हणत असत. हे नाव त्यांचे नव्हे, दुसऱ्यांनी चिकटवलेले. ते स्वतःला इन्युइट म्हणतात, म्हणजे माणसे. आपल्याला दुसऱ्यांनी 'हरिजन' हा शब्द चिकटवला तेव्हा १९३८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेब त्याला विरोध करून सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले होते. म्हणून हा नावाचा मुद्दा आपल्या वाचकांना लगेच कळेल.

हे चित्र केनोजुआक अशेवाक या इन्युइट बाईने १९६० साली काढले. तिचा जन्म १९२७ चा, तोही बर्फाच्या घरात. लहानपणीच वडील गेले. आजीने वाढवले आणि सील या समुद्री प्राण्याची कातडी शिवायला शिकवले. शाळा नाही, पाटी नाही. सरकारने १९४१ पासून या लोकांना नंबर द्यायला सुरुवात केली होती. साहेब लोकांना त्यांची नावे उच्चारता येत नव्हती आणि त्यांच्यात आडनावाची पद्धत नव्हती, एवढ्यासाठी. एका लहान गोल चकतीवर नंबर कोरलेला असे आणि ती गळ्यात अडकवायची किंवा कपड्याला शिवायची. केनोजुआकचा नंबर होता ई ७-१०३५. पुढे १९७० च्या सुमारास घरोघर जाऊन लोकांची आडनावे लिहून घेतली गेली आणि हे नंबर मागे पडत गेले. गळ्यात काय अडकवायचे हे दुसऱ्याने ठरवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

१९५२ साली तिला क्षयरोग झाला. त्या काळी सरकारी जहाज किनाऱ्याला लागे, जहाजावरच छातीची तपासणी होई आणि ज्याच्यात रोग निघाला त्याला पुष्कळदा घरी निरोप द्यायलाही न सोडता दक्षिणेच्या शहरांत नेत. कित्येक जण तिकडेच मेले आणि त्यांची थडगी कुठे आहेत ते घरच्यांना कळले नाही. या वागणुकीबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी २०१९ साली इन्युइट लोकांची माफी मागितली. केनोजुआकला क्वेबेक शहराच्या दवाखान्यात नेले तेव्हा ती नुकतीच बाळंत झाली होती. ते मूल शेजारच्यांनी घेतले. ती तीन वर्षांहून अधिक काळ दवाखान्यात पडून होती आणि तेवढ्यात इकडे तिची मुले दगावली. आपल्या वस्त्यांमध्ये क्षयाने पोखरलेली घरे आम्ही पाहिली आहेत. गिरणीतल्या कापसाच्या धुळीत आणि एका खोलीत आठ माणसांत तो कसा पसरतो हेही पाहिले आहे. म्हणून तिची ही तीन वर्षे आम्हाला त्या चित्राइतकीच महत्त्वाची वाटतात. दवाखान्यात बसल्या बसल्या ती बाहुल्या करायला आणि मणी ओवून नक्षी करायला शिकली. बरी होऊन घरी परतली ती हे हातात घेऊन.

आता छपाईचे. १९५७ सालची हिवाळ्यातली गोष्ट तिकडे फार सांगतात. ओसुइटॉक इपीली नावाचा एक कारागीर सिगारेटची दोन पाकिटे न्याहाळत बसला होता. दोन्हींवर खलाशाचे एकसारखे डोके. तो म्हणाला, हे डोके प्रत्येक पाकिटावर पुन्हा पुन्हा काढत बसणाऱ्याला किती कंटाळा येत असेल! तिथे राहणारे जेम्स ह्यूस्टन हे कॅनेडियन चित्रकार यावर हसले नाहीत. ओसुइटॉकनेच कोरलेला एक हस्तिदंतासारखा सुळा त्यांनी घेतला, त्याच्या रेघांत काळी शाई भरली आणि वरून पातळ कागद दाबून काढला. कागदावर चित्र उमटले. ओसुइटॉकने ते पाहिले आणि म्हणाला, हे आपल्याला करता येईल. पुढे ह्यूस्टन जपानला गेले आणि हिरात्सुका उनइची या थोर कारागिराकडे काही महिने लाकडी ठशांची छपाई शिकून आले.

येथे आम्ही थोडे थांबतो, कारण यात आपले काहीतरी आहे. जपानात ही विद्या आली ती बौद्ध धम्माबरोबर. सूत्रे हाताने लिहून पुरत नव्हती, तेव्हा चीन, कोरिया आणि जपानमधील उपासकांनी आणि भिक्खूंनी लाकडी पाट्यांवर अक्षरे उलटी कोरून ती छापायला घेतली. ज्यावर छापल्याची तारीख आहे असा जगातला सर्वात जुना संपूर्ण छापील ग्रंथ म्हणजे वज्रच्छेदिका सूत्र, इसवी सन ८६८ चे. चीनच्या दुनहुआंग येथील गुहेत ते सापडले आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. वांग जिए नावाच्या माणसाने आपल्या आईवडिलांच्या नावे ते छापून घेतले, सर्वांना फुकट वाटण्यासाठी! त्याच्या पहिल्याच पानावर चित्र आहे. भगवान बुद्ध सुभूतीला उपदेश करीत आहेत. पांढऱ्या कागदावर काळी शाई. म्हणून आम्ही त्या घरातल्या कर्त्या माणसाला म्हणालो, बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या फोटोजवळ हे घुबड उपरे नाही. ज्या विद्येतून ते उमटले, ती विद्या धम्मदानासाठीच वाढली. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्यांदा चित्राजवळ जाऊन नीट पाहू लागला, एवढे आम्ही पाहिले.

किन्गाइटमध्ये लाकूड कुठून आणणार? तिथे झाडच नाही. त्यांनी दगड घेतला. सपाट घासलेल्या दगडावर चित्र उतरवायचे. जिथे पांढरे हवे तिथला दगड छिन्नीने खोल काढून टाकायचा. जे उंच राहिले त्यावर रूळ फिरवून शाई लावायची, वर पातळ जपानी कागद अंथरायचा आणि मागून हाताने चोळायचा. काळे म्हणजे राखलेला दगड, पांढरे म्हणजे काढून टाकलेला दगड. एका चित्राच्या ठरलेल्या प्रती झाल्या की दगडावरचे चित्र खोडून टाकायचे, म्हणजे कोणी चोरून जास्त छापणार नाही. 'मंतरलेले घुबड' फक्त ५० प्रतींत छापले. काढणारी केनोजुआक, पण दगड कोरणारे आणि छापणारे हात दुसऱ्यांचे.

आपल्याकडे घुबड दगड उगाळून माणसाला मारते, आणि तिकडे माणसांनी दगड कोरून घुबड काढले!

हे काम एकट्यादुकट्याचे राहिले नाही. १९५९ मध्ये गावाने सहकारी संस्था उभी केली. चित्र काढणारे, कोरणारे, छापणारे, सगळे तिचे सभासद. विकून आलेला पैसा गावात येतो आणि संस्था आजही चालू आहे. सूतगिरण्या आणि सहकारी सोसायट्या कशा बसल्या हे वऱ्हाडात डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला हे वाचून थोडा मत्सर वाटेल. आम्हाला तरी वाटला. केनोजुआकवर १९६३ साली एक माहितीपट निघाला आणि त्याच्या पैशातून तिच्या नवऱ्याने शिकारीसाठी नाव घेतली. १९६७ मध्ये तिला कॅनडाचा मोठा नागरी सन्मान मिळाला. १९७० साली तिचे घुबड टपालाच्या तिकिटावर आले. २०१८ मध्ये त्या ५० पैकी एक प्रत लिलावात दोन लाखांहून जास्त कॅनेडियन डॉलरला गेली, पण तेव्हा ती हयात नव्हती. २०१३ च्या जानेवारीत ती किन्गाइटमध्येच वारली. तिच्या लोकांना १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा स्वतःचा प्रदेश मिळाला. म्हणजे सगळे चांगले झाले असे नाही. क्षयरोग आजही तिथे बाकीच्या कॅनडापेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहे आणि घरे अपुरी आहेत.

तिला लोक विचारत, या घुबडाचा गूढ अर्थ काय? ती सांगे की तसे काही नाही, बघायला बरे वाटेल असे काहीतरी मी काढते. तिच्या चित्रांत घुबडे सगळ्यात जास्त, कारण तिच्या आजूबाजूला घुबडे होती. तिकडचे घुबड म्हणजे पांढरे हिमघुबड, इन्युइट भाषेत उक्पिक. नर जवळजवळ पूर्ण पांढरा, मादीच्या अंगावर काळसर पट्टे. पायाच्या बोटांपर्यंत पिसे. झाड नाही म्हणून ते जमिनीवरच उंचवट्यावर अंडी घालते. उन्हाळ्यात तिकडे सूर्य जवळजवळ मावळतच नाही, म्हणून हे घुबड भर उजेडात शिकार करते. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी हे त्याचे मुख्य खाणे, आणि ज्या वर्षी लेमिंग उदंड त्या वर्षी अंडीही जास्त. आता हे घुबडही कमी होत चालले आहे. २०१७ साली त्याचे नाव धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत गेले.

घुबड आपल्याकडे टक लावून पाहते, म्हणून भीती वाटते. त्याचे कारण साधे आहे. घुबडाचे डोळे खोबणीत घट्ट बसलेले असतात, ते आपल्यासारखे फिरत नाहीत. इकडेतिकडे पाहायचे तर त्याला सगळी मान वळवावी लागते. मान मात्र इतकी वळते की पाठीमागचेही दिसते. उडताना आवाज होत नाही, कारण पंखांच्या कडा मऊ झालरीसारख्या असतात. अंधारात पांढरे तोंड, आवाज न करता उडणे आणि मध्येच चिरका ओरडा. भूत दिसायला आणखी काय लागते?

आपल्या अमरावती जिल्ह्यातही घुबडे आहेत. जुन्या जिनिंगच्या आणि गोदामांच्या छपरात राहणारे गव्हाणी घुबड, नाल्याकाठच्या दरडीत बसणारे शिंगाळे घुबड, चिंचेच्या ढोलीतला पिंगळा. गव्हाणी घुबड एका रात्रीत दोन-चार उंदीर सहज खाते, म्हणजे शेतकऱ्याचा फुकटचा राखणदार. आणि मेळघाटात रानपिंगळा आहे. हा पक्षी १८८४ नंतर कोणाला दिसलाच नाही. एका इंग्रज अधिकाऱ्याने संग्रहालयातून चोरलेल्या नमुन्यावर खोट्या ठिकाणाची चिठ्ठी लावून ठेवली होती, म्हणून लोक भलतीकडेच शोधत राहिले. ती लबाडी उघडी पडली आणि १९९७ च्या नोव्हेंबरात नंदुरबारकडे शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. ११३ वर्षांनी! पुढे तो आपल्या मेळघाटातही आढळला. तो जगाच्या पाठीवर फक्त आपल्या भारतातल्या जंगलांत आहे, आणि आपणच त्याच्या भाऊबंदांना अपशकुनी म्हणतो.

या समजुतीवर पोट भरणारे लोक आहेत, हेही सांगितले पाहिजे. दिवाळीच्या सुमारास मांत्रिकांसाठी घुबडे पकडून विकली जातात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २०१३ मधील हत्येनंतर झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही मांत्रिकांच्या अघोरी प्रकारांना चाप लावला आहे. पुरंदर तालुक्यातील पिंगोरी या खेड्यात २०१८ साली इला फाउंडेशनने घुबडांचा उत्सवच भरवला. पोरांनी घुबडांची चित्रे काढली, मुखवटे केले. असे काही आपल्या विहारांतून वर्षावासात व्हावे असे आम्हाला वाटते. जातकातही घुबडाची एक कथा आहे, उलूक जातक. पक्ष्यांनी घुबडाला राजा करायचे ठरवले, तेव्हा कावळा म्हणाला, राज्याभिषेकाच्या आनंदात याचे तोंड असे, तर रागात कसे असेल? आणि तोंड पाहून त्याचे राज्य गेले. कथा लहान आहे, पण त्या कावळ्याचे म्हणणे आम्हाला कधी पटलेले नाही.

पुन्हा आजीकडे येतो, कारण तिची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिच्या बापाने १९५६ नंतर घरातले देव उचलून विहिरीत टाकले, तेव्हा ती लहान होती आणि पाण्यात पडलेल्या देवांचा आवाज तिला अजून आठवतो. म्हसोबा, मरीआई, सटवाई, कशालाही ती भीत नाही. पौर्णिमेला विहारात पहिली हजर. मग घुबडालाच का भिते? आम्ही शेजारी बसलो तेव्हा तिने सांगितले. १९७२ चा दुष्काळ. ती तेव्हा सासरी होती आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. पहिले लेकरू दीड वर्षाचे. त्याला हगवण लागली. सासू म्हणाली, पाणी देऊ नको, जास्त जाईल. दोन दिवस पाणी तोडले. दुसऱ्या रात्री लिंबाच्या झाडावर घुबड बोलले आणि पहाटे लेकरू गेले. "घुबड घुमलं अन् माहं लेकरू गेलं," असे ती दोनदा म्हणाली. पन्नासाहून अधिक वर्षे झाली. घरात मूल आजारी पडले की ती अजूनही रात्री अंगणात येऊन झाडाकडे पाहते.

तिचे लेकरू घुबडाने नेले नाही. अंगातले पाणी आणि मीठ संपल्याने ते गेले. नेमक्या त्याच्या आदल्या वर्षी, १९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धातले लाखो निर्वासित बंगालमध्ये आले होते. बनगावच्या छावणीत पटकीने माणसे पटापट मरत होती. शिरेतून द्यायचे सलाईन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोड्याचे पाणी पिंपात कालवले आणि नातेवाइकांनाच सांगितले, हे पाजत राहा. जिथे शंभरातले वीस-तीस दगावत होते तिथे दगावणारे चारापेक्षाही कमी झाले. डॉक्टर महालनबीस २०२२ मध्ये वारले आणि मग २०२३ मध्ये सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. पण त्या पाण्याची बातमी १९७२ साली खडी फोडणाऱ्या एका बाईच्या झोपडीपर्यंत पोचली नाही. घुबडाचा आवाज पोचला. दोन गोष्टींपैकी जी कानावर पडली तिच्यावर तिने विश्वास ठेवला. यात तिचा काय दोष?

म्हणून हे माहितीतल्या प्रत्येक आईला पुन्हा सांगावे. उकळून गार केलेले एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. माप चुकवू नये, मीठ जास्त झाले तर अपाय होतो. हगवण लागली की पाणी तोडू नये, थोडे थोडे पाजत राहावे, अंगावरचे दूध बंद करू नये. आरोग्य केंद्रात याच कामाची पुडी मिळते, ती मिळाली तर अधिक चांगले. डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले, रक्त पडू लागले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आम्ही हे सगळे आजीला सांगितले. ती ऐकून घेत होती. मुलाच्या आईने तिला मीठ-साखरेचे माप दोनदा म्हणून दाखवले. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कोनी तवाच सांगतलं असतं तं." त्यापुढे कोणी काही बोलले नाही. चित्राबद्दल तिने एवढेच ठरवले, "लावा बाप्पा. पन माह्या बाजीसमोर नोको." सध्या ते मुलगा अभ्यासाला बसतो त्या कोपऱ्यात आहे. तिची बाज दुसऱ्या भिंतीला आहे.

मुलाला आता स्वतः छापायचे आहे. दगड आणि छिन्नी नको, हाताला लागेल. त्याला सांगितले ते आपल्या बालवाचकांनाही सांगतो. सायकलच्या दुकानातून फाटलेली ट्यूब मागून आणावी, फुकट मिळते. ती धुऊन, उभी कापून, वाळवून सपाट करावी. त्यावर पेनाने पक्ष्याचे आकार काढावे आणि कात्रीने कापावे. डोळ्यांसाठी मोठ्या माणसाकडून भोके पाडून घ्यावीत. जाड पुठ्ठ्यावर हे तुकडे रबर चिकटवायच्या डिंकाने बसवावेत आणि एक रात्र वर वजन ठेवावे. सकाळी शिक्क्याच्या पॅडची काळी शाई कापडाच्या बोळ्याने रबरावर पुसावी, वर पातळ कागद ठेवावा आणि वाटीच्या बुडाने चोळावा. कागद एका कडेने हळू उचलावा. पहिली प्रत फिकी येते, तिसरी-चौथी चांगली. भीमजयंतीच्या पताकाही अशा छापता येतात. फक्त अक्षरे उलटी कापून बसवावी लागतात, नाहीतर कागदावर 'जयभीम' उलटे उमटते. घुबडाच्या बाबतीत ही काळजी नाही.